रस्त्यात गाडी अडली तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळात भाषण म्हणजे मुलांचे आरोग्य, नाहीतर लोणची-पापड, असे आपण धरूनच चालतो. मी आज मोटारीवर बोलणार म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत कोण हसले ते मी पाहिले आहे! सातवी शिकलेली बाई मोटारीचे काय सांगणार? पण आपण मुलाबाळांना घेऊन देवदर्शनाला जातो त्या मोटारीतूनच, आणि ती अडली की आपण पदर सावरून पाहुण्यासारख्या कडेला उभ्या राहतो. हे मला पटत नाही.

पहिली लांबची मोटार-सफर एका बाईनेच केली, हे माझ्या मुलाने मला वाचून दाखवले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बर्था बेंझ या बाई, यजमानांना न सांगता त्यांनीच बनवलेली तीनचाकी मोटार काढून, दोन मुलग्यांसह मान्हाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. तेव्हा ना पेट्रोल पंप, ना मेकॅनिक. इंधन संपले तेव्हा वीस्लोख गावी औषधाच्या दुकानातून डाग काढायचे द्रव घेऊन ओतले. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडे लावून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परत आल्यावर बाईंनी अडचण सांगितली, आणि चढासाठी गाडीला आणखी एक गिअर बसला. मदत मागायला त्या कोणाकडे गेल्या पाहा. औषधवाला, चांभार! मोटारीतले त्यांना काय कळत होते? पण काय हवे ते बाईंना नेमके सांगता येत होते.

आता आमचे सांगते. धाकट्या भाऊजींकडे जुनी मेटॅडोर आहे. जर्मन नमुन्यावरून आपल्याकडे बनणारी ही गाडी २००० च्या सुमारास बंद झाली. भाऊजींनी मागची बाके काढून आत गाद्या, स्टोव्ह, पाण्याचे पिंप असे सारे बिऱ्हाडच मांडले आहे. गेल्या माघात आम्ही नऊ माणसे तीतून अष्टविनायकाला निघालो. (शास्त्राप्रमाणे मोरगाव पहिले, हे मला ठाऊक आहे. पण मुलुंडहून माळशेज घाटाने ओझर-लेण्याद्री आधी लागते आणि सासूबाईंचे गुडघे फार दिवस थांबणारे नव्हते.)

मुरबाड, टोकावडे मागे पडले. मोरोशीपुढे घाट लागला आणि जाऊबाईंना गोडसर वास आला. भाऊजी म्हणाले, "काही नाही वहिनी, किरकोळ आहे." पुरुषांचे किरकोळ किती मोठे असते ते आपण जाणतोच. पुढच्या वळणावर बोनेटमधून वाफ निघाली. रेडिएटरचा रबरी पाईप वयाने चिरला होता. त्यात गाडीचा तरी काय दोष?

आधी चाकांमागे दगड लावले. मुलांना उतरवून रस्त्यापासून दूर, कठड्याच्या आत बसवले. भाऊजी फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला धावले, तेव्हा जाऊबाईंनी त्यांचा हातच धरला. "शिट्टी यायच्या आत कुकर उघडता का?" भगिनींनो, हे अगदी तस्सेच आहे. आत कढत पाणी दाबाखाली असते, झाकण काढले की तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास थांबावे, आणि तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. तापल्या तव्यावर पाणी टाकले की तवा वाकतो, तसे इंजिनाचेही होते.

फोनला रेंज नव्हती. तेवढ्यात कल्याणहून नगरकडे जाणारी एस. टी. दिसली. भाऊजींना हात करायला संकोच वाटत होता. मी हात केला. कंडक्टरसाहेबांच्या हाती चिठ्ठी दिली: माळशेज घाट, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, मेटॅडोर डिझेल, रेडिएटरचा वरचा पाईप चिरला, नऊ माणसे, त्यात एक म्हातारी व तीन मुले. एवढी चिठ्ठी लिहायला सातवी पुरते. ओतूरच्या कोणत्याही गॅरेजात द्या, म्हटले.

मग एक ट्रक थांबला. "काकू, पाणी आहे?" असे विचारतच ते दादा खाली उतरले. त्यांनी जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली, चिरेवर ताणून गुंडाळली, वर तार आवळली. पाणी भरून झाकण अर्धेच फिरवले, म्हणजे आत दाब धरत नाही. "हळू चालवा, ओतूरपर्यंत जाईल, पुढे नाही," एवढे बजावले. पैसे घेईनात. सासूबाईंनी दशम्यांचे गाठोडे दिले, ते मात्र घेतले.

ओतूरला पोचलो तर मेकॅनिक चिठ्ठी हातात घेऊन उभा! त्या गाडीचा पाईप आता सहज मिळत नाही. त्याने त्याच मापाचा दुसऱ्या गाडीचा वाकडा पाईप कापून बसवला. चिठ्ठीत "वरचा" लिहिले होते म्हणून त्याला आधीच शोधून ठेवता आला. संध्याकाळी ओझरला आरती मिळाली.

परतल्यावर भाऊजींनी कुर्ल्याच्या बाजारातून दोन पाईप आणि फॅन बेल्ट आणून गाडीत ठेवले. मी डब्याच्या पिशवीत ट्यूबची पट्टी, तार, कात्री, लाल त्रिकोण आणि कोरे कागद ठेवले आहेत. झाकणावर आकडेही लिहिले आहेत: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेला १०८. रेंज असेल तिथून लावावे.

येत्या मंगळवारी दुपारी भाऊजी गाडी मंडळाच्या अंगणात आणून उभी करणार आहेत. रेडिएटर कुठला, पट्टा कुठला, जॅक कुठे लावायचा, हे ज्यांना हात लावून पाहायचे असेल त्यांनी जुने लुगडे किंवा ड्रेस घालून यावे. तेलाचे डाग निघत नाहीत.