दार कोणासाठी उघडते?

(तलवाडा, जि. बीड येथील भाषण)

तलवाड्याच्या शिवारात जागतिकीकरण आले ते कापसाच्या वाटेने. पूर्वी घरची सरकी राखून पेरीत, शेजाऱ्यालाही देत. संकरित वाणांनी ती रीत मोडत आणलीच होती. २००२ साली बीटीला परवानगी मिळाल्यावर ती पुरती संपली. शेजारधर्माची जागा दुकानाच्या उधारीने घेतली.

आणि खुला बाजार तरी कितपत खुला? २०१०-११ च्या हंगामात जगात भाव विक्रमी चढले, तेव्हा निर्यातीला ५५ लाख गाठींची मर्यादा घातली. २०२२ साली देशात भाव चढताच आयात शुल्क माफ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले. त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के शुल्क उठविले आणि ती सवलत पुढे ऐन वेचणीच्या हंगामात, डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. गिरण्यांना दिलासा हवा होता, हे मान्य. पण तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून का द्यावा?

१९७२ ची एकाधिकार कापूस खरेदी योजना सदोष होती, चुकारे रखडत. तरी तिचा जाब विधानसभेत विचारता येई. न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराला तो कोठे विचारावयाचा?