आवडीविषयी बोलताना



‘आपणास कोणते संगीत आवडते?’ हा प्रश्न दिसतो साधा. परंतु त्याचे उत्तर देताना माणूस बहुधा आपली आवड सांगत नाही, आपली पायरी सांगतो. मीही तेच करीत आलो होतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी दिल्लीहून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, जाताना एक वृद्ध तमिळ गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. बोलणे संगीतावर आले. हिंदोळम् राग त्यांच्या विशेष आवडीचा होता. ‘म्हणजे आमचा हिंडोल’, असे म्हणून मी त्यातील तीव्र मध्यमाची वाखाणणी आरंभिली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. हिंदोळम्‌मध्ये तीव्र मध्यम नाहीच, असे ते म्हणाले. यांना रागातले काही कळत नाही, अशी माझी खात्री झाली. त्यांचेही माझ्याविषयी तेच मत झाले असावे. अखेर त्यांनी आरोह गुणगुणला आणि मी चपापलो. हा तर आमचा मालकंस! ऋषभ-पंचम वर्ज्य, गंधार, धैवत, निषाद कोमल, मध्यम शुद्ध. नाव हिंडोलाशी जुळते, स्वर मात्र मालकंसाचे.

मग त्यांनी विचारले, ‘हा राग आपण प्रथम कोठे ऐकलात?’ मी एका थोर खाँसाहेबांच्या मैफलीचा हवाला दिला. ते खोटे होते. त्यांनी आदराने मान हलविली आणि संभाषण तेथेच संपले. अशा उत्तरावर कोणी काय बोलावे?

खरे उत्तर होते ‘बैजू बावरा’. १९५२ सालच्या या चित्रपटात नौशाद यांनी मालकंसात बांधलेले आणि मोहम्मद रफी यांनी गायिलेले एक भजन आहे. त्याच वर्षी बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीत शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर मानाचे स्थान मिळाले हे खरे. पण चित्रपटगीते तेथून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ साली विविध भारती सुरू होईपर्यंत ही स्थिती होती. आमच्या घरी अशी गाणी उथळ मानली जात. मी ती शेजाऱ्यांच्या खिडकीखाली उभा राहून ऐकत असे. त्या चोरून ऐकण्याची लाज पुढे कितीतरी वर्षे माझ्या बोलण्यात उरली होती.

नागपूर मागे पडल्यावर मी त्यांना खरे काय ते सांगितले. ते मनमोकळे हसले. त्यांनाही हिंदोळम् प्रथम भेटला तो सभागृहात नव्हे, तर देवळाच्या मिरवणुकीत, नादस्वरातून. वादकाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. कापराचा वास तेवढा आठवत होता. भजनातील कोणत्या जागी आपण थबकलात, असे त्यांनी विचारले. मी ती जागा ओबडधोबड गाऊन दाखविली. तोच गंधार गमकाने कसा हलवावा हे त्यांनी मला दाखविले, आणि मी पुन्हा चुकलो.

विजयवाड्याच्या सुमारास डब्यातील एका बाईंनी, आता आम्हांला झोपू द्या, अशी विनंती केली. त्यानंतर आम्ही हलक्या आवाजात बोलत राहिलो.