मिरवणुकीचीं वाद्यें आणि महामारी



ताशाचा आवाज ओळखावयास नागपूरकराला खिडकी उघडावी लागत नाहीं. रामनवमीस पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा निघते, १४ एप्रिलला डॉक्टर बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकी निघतात, ताजबागेच्या वाटेनें संदल जातात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं जुन्या शहरांतून मारबती निघतात आणि मग गणपति येतात. या प्रत्येक प्रसंगीं वाद्यें पुढें आणि माणसें मागें हा क्रम ठरलेला असतो. मिरवणुकीच्या वाद्यांचा असा एक सबंध हंगामच या शहरांत असतो. २०२० सालीं कोरोनाच्या महामारीनें तो बुडविला. त्या बुडालेल्या हंगामाविषयीं आज बोलावयाचें आहे. कारण साथ ओसरली म्हणून प्रश्नही ओसरला असें मला वाटत नाहीं.

प्रथम ढोल-ताशाच्या पथकांचें पाहूं. हीं पथकें मूळचीं पुण्याकडचीं. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूतन मराठी विद्यालय अशा शाळांतून त्यांस शिस्त लागली, आणि अलीकडच्या वर्षांत नागपुरांतील तरुण मुलामुलींनींही तीं आपलीशीं केलीं. ढोल कमरेस बांधावयाचा, एका हातानें थाप व दुसऱ्या हातांतील टिपरूनें ठोका द्यावयाचा; ताशा गळ्यांत अडकवून दोन बारीक काड्यांनीं वाजवावयाचा. बाहेरून पाहणारास ढोल हाच राजा वाटतो; पण खरी सत्ता ताशाची. ताशा बदलला कीं शंभर ढोल बदलतात आणि ताशा चुकला कीं शंभर ढोल चुकतात. ढोल एका पावसाळ्यांत अंगवळणीं पडतो; चांगला ताशा हाताला बसावयास वर्षें लागतात. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून येथेंच सांगून ठेवतों.

पथकांच्या करंडकासाठीं स्पर्धा होतात, तेथें परीक्षक बसतात, गुण देतात. परंतु त्याहून मोठी स्पर्धा चौकांत होते. दोन पथकें समोरासमोर आलीं म्हणजे कोणाची लय ढळते, कोणाचे हात आधीं थकतात, याचा निकाल तेथें उभी असलेली गर्दीच देते, आणि तो निकाल पुढच्या वर्षापर्यंत कोणी विसरत नाहीं. या ईर्ष्येसाठीं गणेशोत्सवापूर्वीं दीड-दोन महिने रोज सायंकाळीं सराव चालतो.

आतां साथीचें. ढोल कांहीं फुंकून वाजवावयाचा नाहीं, मग त्यापासून संसर्ग कसा व्हावा, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ढोल वाजविणारा जोरानें श्वास घेतो व सोडतो, मधून मधून गजर करतो, ठोक्यांच्या गदारोळांत शेजाऱ्यास कांहीं सांगावयाचें तर त्याच्या कानाशीं तोंड नेऊन ओरडतो. पाऊस आला कीं सारें पथक छपराखालीं दाटीनें उभें राहतें आणि पाण्याची एकच बाटली दहा तोंडांतून फिरते. लोक मिरवणुकीची गर्दी पाहून भितात. मला तर सरावाचें भय अधिक वाटतें. मिरवणूक एका दिवसाची व मोकळ्या हवेंतील; सराव साठ सायंकाळींचा, तींच तीं माणसें, तीच दाटी.

याला एक दाखला आहे. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत, स्कॅजिट परगण्यांत, १० मार्च २०२० रोजीं एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते. त्यांपैकीं ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. मैफल झालीच नव्हती. ही केवळ तालीम होती. त्याच्या दुसऱ्याच दिवशीं, ११ मार्चला, नागपुरांत कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला.

पुढील घटनांचा क्रम आपणांस ठाऊक आहे. २५ मार्च, म्हणजे गुढीपाडव्याच्या दिवशींच, देशभर टाळेबंदी सुरू झाली. २ एप्रिलची रामनवमी, १४ एप्रिलची जयंती घरांत पार पडली. जुलैमध्यें शासनानें गणेशोत्सवाचे नियम काढले : सार्वजनिक मूर्ति ४ फुटांपर्यंत, घरची २ फुटांपर्यंत, आणि आगमन-विसर्जनाची मिरवणूक नाहीं. ऑगस्टमध्यें मारबत आली. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची. गांवांतली रोगराई घेऊन जा, असें तिला ओरडून सांगावयाचें, हीच तिची मिरवणूक. त्या वर्षीं रोगराईनेंच तिला रस्त्यावर येऊं दिलें नाहीं. याहून कडू विनोद मी तरी ऐकलेला नाहीं. २५ ऑक्टोबरला विजयादशमीस दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळाही झाला नाहीं, आणि रेशीमबागेंतील संघाचा उत्सव पन्नास जणांच्या उपस्थितींत सभागृहांत उरकला, संचलन नाहीं.

हे निर्बंध योग्य होते काय? माझ्या मतें होते. आणि तें ठरविण्यासाठीं १९१८ सालाकडे पाहावें. त्या वर्षींच्या इन्फ्लुएंझानें ज्या प्रांतांस सर्वांत जबर तडाखा दिला त्यांत आपला मध्यप्रांत व वऱ्हाड होता. त्याच साथींत अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरांत २८ सप्टेंबरला युद्धकर्जाच्या प्रचारासाठीं बँडांसह प्रचंड संचलन निघालें. सुमारें दोन लाख लोक दुतर्फा उभे होते. तीन दिवसांत रुग्णालयें भरलीं, आणि पुढील सहा आठवड्यांत सुमारें १२,००० माणसें मेलीं. डॉक्टरांनीं धोक्याची सूचना दिली नव्हती असें नाहीं. पण दुसरीं शहरें संचलनें काढीत असतां आपणच मागें कसें राहावयाचें, ही चढाओढ होती. सेंट लुई शहरानें मात्र लवकर जमावबंदी केली आणि तेथील मृत्यूंचें प्रमाण पुष्कळ कमी राहिलें.

स्पर्धेचा हाच खरा पेंच आहे. एक पथक सराव थांबवावयास तयार असतें, पण पलीकडचें थांबत नाहीं हें कळलें कीं तेंही थांबत नाहीं. ज्याचा त्याचा शहाणपणा ज्याच्या त्याच्या ईर्ष्येपुढें हरतो. म्हणून एकाच वेळीं सर्वांस लागू होणारा नियम लागतो. १८९७ च्या साथरोग कायद्याची सत्ता मुळांत प्लेगच्या काळांत जुलमी वाटली, आणि तिचा अंमलही तसाच झाला. परंतु २०२० सालीं त्याच कायद्याखालीं आलेल्या नियमांनीं पथकांची एका अर्थीं सुटका केली. आपण माघार घेतली असें कोणासच म्हणावें लागलें नाहीं. मुंबईच्या लालबागच्या राजाच्या मंडळानें तर १९३४ पासूनची परंपरा बाजूस ठेवून मूर्तिच बसविली नाहीं, रक्तदान व प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. पुण्याच्या मानाच्या गणपतींचें विसर्जन मंडपांतच झालें.

परदेशांतील वादकांचेंही असेंच झालें. अमेरिकेंत १९७२ पासून चालत आलेली ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनलची उन्हाळी स्पर्धा २०२० सालीं प्रथमच रद्द झाली. ग्लासगोची जागतिक पाईप बँड स्पर्धा लागोपाठ दोन वर्षें झाली नाहीं. अमेरिकनांनीं २०२१ मध्यें एक सुज्ञपणा केला. वादनाचे कार्यक्रम केले, पण गुण व क्रमांक दिले नाहींत. आपल्याकडे २०२१ च्या मार्चमध्यें नागपुरांत १५ ते २१ तारखेपर्यंत पुन्हां कडक टाळेबंदी झाली, आणि नंतरची दुसरी लाट पहिलीहून भयंकर ठरली. तेव्हां त्या वर्षींही गणपतीची मिरवणूक निघाली नाहीं. निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला.

परंतु निर्बंध योग्य होते म्हणजे त्यांचा भार योग्य रीतीनें वांटला गेला असें नव्हे. पथकांतील मुलेंमुली हौसेनें वाजवितात. त्यांचा आनंद गेला, पण घरचें अन्न गेलें नाहीं. बँडवाल्यांचें तसें नाहीं. झालरीचा कोट घालून वरातीपुढें क्लॅरिनेट वाजविणारा माणूस लग्नसराईच्या चार महिन्यांवर वर्ष काढतो. लग्नास पन्नास माणसांची मर्यादा आली तेव्हां वऱ्हाडी कमी झाले, आणि बँड तर पहिल्यानें गेला. संदलपुढें ढोल वाजविणाऱ्यांचेंही तेंच. आपण सुशिक्षित घरांतील माणसें त्या उन्हाळ्यांत शांत लग्नें किती छान झालीं असें एकमेकांस सांगत होतों. ती शांतता कोणाच्या चुलीवरून आली याचा विचार फार थोड्यांनीं केला.

दुसरें नुकसान ताशाचें. दोन वर्षें खंड पडला म्हणजे दोन पिढ्यांचे नवे वादक आलेच नाहींत, आणि जुने नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेले. ढोलवाले एका पावसाळ्यांत तयार करतां आले. ताशेवाल्यांचें तसें होत नाहीं, हें आरंभीं सांगितलेंच आहे.

तेव्हां पुढची साथ येण्यापूर्वींच कांहीं ठरवून ठेवावें. पथकांनीं आपसांत लेखी करार करावा कीं, संकट आलें तर सर्वांनीं एकदम करंडक प्रथम सोडावा, मग मोठा सराव, आणि वादन सर्वांत शेवटीं. ताशेवाल्यांनीं तीन-चार जणांच्या टोळीनें, उघड्या गच्चीवर, ताशावर जाड कापड टाकून हात चालू ठेवावा. त्यास ढोलांची फौज लागत नाहीं. आणि सुपारी देणाऱ्या मंडळांनीं व लग्नघरांनीं ठरलेल्या रकमेंतून थोडा हिस्सा दर वर्षीं बँडवाल्यांच्या व संदलच्या ढोलवाल्यांच्या निधींत टाकावा. रक्कम लहान असली तरी चालेल, मात्र ती वरात निघण्यापूर्वीं हातीं पडावी.