जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर : पारख आणि पथ्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त म्हैसूर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात भाषेवर, नाटकावर वा संतवाङ्मयावर बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र एका जड पेटीविषयी बोलणार आहे. आपल्या मंडळातील मुलांनी यंदा वाद्यवृंद उभा केला आहे. त्यातील गिटार वाजविणाऱ्या मुलाने मला विचारले, "काका, जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मिळतो आहे. घेऊ का?" माझा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला, म्हणून त्याने मला विचारले. उत्तर एका शब्दात देता येईना, म्हणून हे व्याख्यान.

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचवावा, ही चिंता या नगरीला नवी नाही. तिरुमकुडलू चौडय्या येथलेच. ध्वनिक्षेपक सर्वत्र नव्हते, त्या काळी मोठ्या सभागृहात व्हायोलिनचा आवाज मागे ऐकू जात नसे. म्हणून त्यांनी 1927 च्या सुमारास चार तारांच्या व्हायोलिनला आणखी तारा जोडून ते सात तारांचे केले. याच म्हैसुरात 1935 साली प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी नभोवाणी केंद्र सुरू केले. 'आकाशवाणी' हे नाव त्या केंद्राचे, आणि पुढे ते साऱ्या देशाने स्वीकारले. त्या युगाचा सारा आवाज व्हॉल्व्हमधूनच उमटत असे.

मग ट्रान्झिस्टर आला, हलका आणि स्वस्त. व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले. गिटारवाल्यांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही, आणि हे निव्वळ वेड नव्हे. शक्तीपलीकडे ताण पडला की ट्रान्झिस्टर ध्वनिलहरीचा माथा एकदम छाटतो, तर व्हॉल्व्ह तो हळूहळू वाकवितो. छाटलेला आवाज कर्कश होतो; वाकविलेला भरदार होतो. हळू छेडले तर स्वच्छ आणि जोराने छेडले तर किंचित खरखरीत, असा तो वादकाच्या बोटाला उत्तर देतो. रेडिओत जो दोष मानला, तोच गिटारीत गुण ठरला.

आता पारख. पहिला प्रश्न शक्तीचा. पंधरा वॅटपेक्षा तीस वॅट दुप्पट मोठा वाजेल, असा सर्वांचा समज असतो. तो खरा नाही. कानाला आवाज दुप्पट वाटावयास शक्ती सुमारे दसपट लागते. शिवाय व्हॉल्व्हचा गोडवा त्याला थोडे राबविल्यावरच प्रकटतो. मोठा ॲम्प्लिफायर घरात राबविता येत नाही. शेजारी दार ठोठावतात. आपल्या सभागृहाला पंधरा वॅट पुष्कळ झाले. अधिक हवे तर समोर मायक्रोफोन ठेवावा.

दुसरे, ऐकल्यावाचून घेऊ नये. आपली स्वतःची गिटार घेऊन जावे आणि अर्धा तास वाजवावे, कारण पुष्कळ दोष पेटी तापल्यावरच बाहेर पडतात. आवाजाची कळ शून्यावर असतानाही मोठा घूं-घूं आवाज येत असेल, तर कंडेन्सर थकले असे बहुधा समजावे. ते वयोमानाने थकतातच. बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. कळ फिरविताना खरखर आली तर घाबरू नये, ती साफ करता येते. लहान व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलके टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा नाद घुमला तर तो व्हॉल्व्ह बदलावयाचा. आत नारिंगी उजेड दिसावा. काचेवर निळसर झाक दिसली तरी चालते. पण आतील धातूचा पत्रा लाल तापला, तर तत्काळ बंद करावे.

तिसरे, ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे तयार होतात. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी केलेले व्हॉल्व्हही जुन्या मालात सापडतात. मूळचा ट्रान्सफॉर्मर जळाला, तर मात्र त्याची जोड मिळणे कठीण आणि महाग. म्हणून स्पीकर जोडल्याखेरीज व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही चालवू नये. ट्रान्सफॉर्मर जळण्याचे ते एक मोठे कारण. अमेरिकेहून कुणा नातेवाइकाने पेटी आणली असेल, तर ती 120 व्होल्टची असते. आपल्या 230 व्होल्टला ती सरळ जोडली की खेळ संपला.

चौथी गोष्ट सांगताना मला माझीच चूक सांगितली पाहिजे. तरुणपणी मी एका गणेशोत्सवासाठी असाच एक जुना ॲम्प्लिफायर विकत घेतला. पाटीवर वॅटचा मोठा आकडा होता आणि किंमत कमी होती, मी भाळलो. त्याच्या वायरीला दोनच पिना होत्या, अर्थिंग नव्हते. ते मी पाहिले होते आणि 'पुढे करू' म्हणून सोडून दिले होते. पावसाची रात्र, मंडप ओला. मुलाने गिटारीच्या तारा धरल्या आणि गाण्यासाठी ओठ मायक्रोफोनला टेकविले. मायक्रोफोन दुसऱ्या यंत्राला जोडलेला, त्याला अर्थिंग होते. सारा प्रवाह त्याच्या हातातून ओठांपर्यंत गेला. तो कोसळला. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून तो वाचला. त्याच्या आईने मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. ते मौन आजही माझ्या कानांत आहे.

म्हणून माझ्या लेखी पारख आवाजापासून सुरू होत नाही. ती तीन पिनांच्या प्लगपासून सुरू होते. जुनी पेटी घरी आणली की ती वाजविण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून अर्थिंग करून घ्यावे, आणि सभागृहातील प्लगलाही खरोखर अर्थिंग आहे की नाही ते तपासावे. आणि पेटी स्वतः उघडू नये. आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये दडून राहतो.

असा ॲम्प्लिफायर सहजी मिळेलच असे नाही. मग मंडपातल्या कर्ण्यांसाठी पूर्वी वापरीत तसला एखादा व्हॉल्व्हचा संच शोधावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा बंगळूरच्या एस. पी. रोडवर चौकशी करावी. जाणता कारागीर तो गिटारीजोगा करून देऊ शकतो.

त्या मुलाला मी शेवटी एवढेच सांगितले : "घे. पण लहान घे, ऐकून घे, आणि प्लग मला दाखवल्याशिवाय वाजवू नकोस." आपल्या माणसांपासून दूर राहणाऱ्या आपण वडील मंडळींनी मुलांच्या हौसेला नाही म्हणू नये. मात्र त्यांच्या हौसेचे अर्थिंग आपण तपासावे. तो अधिकार नव्हे, आपले काम आहे.

त्या मुलाने परवा प्लग आणून दाखविला. तीन पिना आहेत. येत्या गणेशोत्सवात आपण त्याला ऐकूच.