रात्रपाळीच्या झोपेचा हिशेब

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांतील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांच्या स्मरणात आहे. 1890 साली ती पदरात पडली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. तिचा आज सर्वांना विसर पडला आहे. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा कामाशी असलेला संबंध तुटला. पुढे तीन पाळ्या आल्या. गिरणगावातील एकेका खोलीत माणसे पाळीप्रमाणे झोपू लागली. एक कामावर निघाला की दुसऱ्याने वळकटी पसरायची. यंत्राला विसावा नव्हता, तसा अंथरुणालाही उरला नाही.

यामागचे अर्थकारण सरळ आहे. यंत्र रात्री बंद राहिले, तरी त्यात गुंतलेल्या भांडवलावरील व्याज थांबत नाही. म्हणून मालकाला ते चोवीस तास चालवावेसे वाटते. रुग्णालय, रेल्वे, वीजकेंद्र यांची तर रात्रीही समाजालाच गरज असते. तेव्हा रात्रपाळी सरसकट बंद करा, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तिची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

शरीराचे घड्याळ सूर्यप्रकाशाशी जुळलेले असते. दिवसा अंग टाकले, तरी ती झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारणतः एक ते चार तासांनी कमी भरते. त्यात तापलेला पत्रा, नळाची वेळ आणि मुलांचा गलका. रात्रपाळी संपवून आलेली परिचारिका तर घरी पोचताच चुलीपुढे उभी राहते. अशी वर्षे गेली की मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' म्हणून 2007 साली नोंदवले आणि 2019 साली तो निष्कर्ष कायम ठेवला. हा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही. तो कामगाराच्या घरखर्चात दिसतो.

कायद्याचे गणितही पाहावे. 1948 च्या कारखाने अधिनियमानुसार रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुटी त्याची पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास मोजली जात असे. 2020 च्या संहितेनेही तीच तरतूद ठेवली. म्हणजे सकाळी बाहेर पडताच सुटी सुरू, आणि तिचा पहिला प्रहर रात्रीचे जागरण फेडण्यात खर्च ! सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्यास मान्यता दिली. बारा तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचे दोन तास वजा केले, तर जेवण, आंघोळ, संसार आणि झोप यांसाठी मिळून दहाच तास उरतात.

मग मागायचे काय ? पाळी फिरवायची ती सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने. उलट क्रम शरीराला अधिक जड जातो. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तासांचे अंतर असावे. सलग रात्री मोजक्याच असाव्यात. रात्री गरम जेवण, थोडा वेळ पडण्यास जागा आणि दरवर्षी मोफत तपासणी मिळावी. ज्याला रात्र झेपत नाही, त्याला पगार न कापता दिवसपाळी द्यावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1990 च्या रात्रकामविषयक करारात आरोग्यतपासणीची व कामबदलीची तत्त्वे आहेत. भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

शेवटी एक कटू गोष्ट. आजवर बहुतेक वाटाघाटी रात्रपाळीच्या भत्त्यापाशीच थांबल्या. अपुऱ्या पगारात कामगार स्वतःच जादा रात्री मागून घेतो. त्याला दोष देता येत नाही. परंतु भत्ता वाढवून झोप परत येत नाही. ती फक्त थोड्या चढ्या भावाने विकली जाते. दिवसपाळीच्या पगारात घर चालले पाहिजे, तरच रात्र नाकारण्याचे स्वातंत्र्य खरे ठरेल. पुढील करारात भत्त्याच्या कलमाआधी विश्रांतीचे कलम लिहिले गेले, तर लोखंड्यांच्या त्या विसरलेल्या मागणीचे थोडे तरी ऋण फिटेल.