हिशेब विचारण्याचा धीर



स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. छोट्या कर्जदारांवरची ही परिषद दक्षिण ऑकलंडमध्ये भरावी, हे उचितच आहे. इथल्याच गल्ल्यांतून ट्रक-शॉप फिरत आली. चादरी, मोबाइल, किराणा थेट दारात. रोख नको, आठवड्याला थोडे थोडे द्या! हप्ता तोंडपाठ होई. वस्तू एकूण केवढ्याला पडली, हे विचारायचे मात्र राहून जाई.

जून २०२० पासून न्यूझीलंडच्या कायद्याने अशा महागड्या कर्जांना वेसण घातली. व्याज दिवसाला ०.८ टक्क्यांच्या वर नाही. व्याज आणि शुल्क मिळून मुद्दलापेक्षा जास्त नाही. तरीही ५०० डॉलरवर दिवसाला ४ डॉलर चढू शकतात. आजारपण आले, नोकरी गेली, तर हप्ते बदलून मागण्याचा हक्कही कायदा देतो. पण त्यासाठी तोंड उघडावे लागते आणि आपली मंडळी तिथेच अडतात. घरी कळू नये म्हणून एक कर्ज फेडायला दुसरे काढतात, रात्रीची झोप घालवतात. पण पैशांच्या अडचणीत सल्ला देणाऱ्या मनीटॉक्सचा मोफत फोन फिरवत नाहीत.

इथे मला साताऱ्याच्या माण तालुक्यातले म्हसवड आठवते. तिथे सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांसोबत बँक काढायला निघालेल्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून परवाना नाकारला गेला. त्या अक्षरे गिरवायला बसल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत जाऊन म्हणाल्या, व्याज काढायला सांगा, तोंडी काढून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीही येत होता. साहेबासमोर तो मांडण्याचा धीर त्यांनी एकमेकींच्या सोबतीने कमावला.

तशी सोबत इथेही मिळते. गुड शेफर्ड ही संस्था बिनव्याजी कर्ज देते, पण आधी माणसाशेजारी बसून जमाखर्च मांडते. कर्जदाराला उपदेश पुष्कळ मिळतात, शेजारी बसणारे थोडे. ते वाढावेत कसे, यावर परिषदेने बोलावे, ही विनंती.

व्यवस्थेत काही उणे राहिले असल्यास पदरात घ्या.