युद्धकाळातील पोप आणि इतिहासाचा निवाडा



आज मी आपल्यापुढे एका माणसाच्या मौनाविषयी बोलणार आहे. तो माणूस म्हणजे पोप पायस बारावे, मूळ नाव युजेनिओ पाचेली. मार्च १९३९ मध्ये ते पोप झाले आणि सहा महिन्यांत दुसरे महायुद्ध पेटले. त्या काळात हिटलरच्या राजवटीने सुमारे साठ लाख ज्यू मारले. पण ज्यूंचे नाव घेऊन या हत्याकांडाचा जाहीर निषेध पोपनी केला नाही.

ते अगदीच गप्प होते का? तसंही नाही. १९४२ च्या नाताळच्या रेडिओ भाषणात, दोष नसताना केवळ राष्ट्रीयत्वामुळे किंवा वंशामुळे मरणाच्या दारी लोटलेल्या लाखो माणसांचा त्यांनी उल्लेख केला. पण त्यात ना ज्यू हा शब्द, ना नाझी हा शब्द!

१९५८ साली ते वारले, तेव्हा इस्रायलच्या परराष्ट्रमंत्री गोल्डा मेयर यांनीही त्यांना आदरांजली वाहिली. मग चक्र फिरले. १९६३ साली जर्मन नाटककार रोल्फ होखहूट यांनी या मौनावर नाटक लिहिले आणि युरोपभर वादळ उठले. १९६४ साली इतिहासकार साउल फ्रीडलँडर यांनी जर्मन सरकारी कागद पुढे ठेवून प्रश्न विचारले. या फ्रीडलँडरांचे आईवडील ऑशविट्झला मारले गेले होते. ते स्वतः मात्र लहानपणी फ्रान्समधल्या एका कॅथलिक शाळेत लपून वाचले होते. बघा, एकाच माणसाच्या आयुष्यात या वादाच्या दोन्ही बाजू आहेत.

व्हॅटिकनने १९६५ ते १९८१ या काळात निवडक कागदांचे अकरा खंड छापले. पोपची बाजू घेणारे म्हणतात, बोलले असते तर अधिक माणसे मेली असती. ते हॉलंडचा दाखला देतात. तिथल्या बिशपांनी जुलै १९४२ मध्ये जाहीर निषेध केला, आणि नाझींनी कॅथलिक झालेल्या ज्यूंनाही पकडून नेले. रोममध्ये तर चार हजारांहून अधिक ज्यू मठांत आणि चर्चच्या इतर वास्तूंत लपून वाचले.

टीकाकार विचारतात, ते पोपच्या आज्ञेने की साध्या नन्स आणि पाद्री यांच्या हिंमतीने? सुझन झुकोट्टी यांनी २००० साली दाखवून दिले की तशी लेखी आज्ञा सापडत नाही. १६ ऑक्टोबर १९४३ ला रोममध्येच हजाराहून अधिक ज्यू पकडले गेले. त्यांना व्हॅटिकनपासून हाकेच्या अंतरावर कोंडले आणि पुढे ऑशविट्झला नेले. त्यातले सोळाच परतले.

मार्च २०२० मध्ये व्हॅटिकनने त्या काळाचे दप्तर अभ्यासकांना खुले केले. त्यातून डेव्हिड कर्ट्झर यांनी २०२२ साली हिटलरच्या दूताशी झालेल्या गुप्त बोलण्यांची हकिकत मांडली. त्यांचा निवाडा असा, की चर्च ही संस्था राखण्यात पायस यशस्वी झाले, नैतिक नेता म्हणून अपयशी ठरले. २०२३ साली १४ डिसेंबर १९४२ चे एक पत्र उजेडात आले. एका जर्मन जेझुइट पाद्र्याने पोपच्या सचिवाला बेलझेक छावणीतल्या रोजच्या हत्यांची माहिती त्यात कळवली होती. तारीख लक्षात घ्या, नाताळच्या भाषणाआधी दहा दिवस!

तेव्हा ‘माहीत होते काय’ हा प्रश्न आता मागे पडला आहे. माहीत असून त्यांनी काय तोलले, हा खरा प्रश्न आहे. त्याच दप्तरात ज्यूंनी मदतीसाठी पोपला लिहिलेली हजारो पत्रे आहेत. जर्मन इतिहासकार हुबर्ट वोल्फ आणि त्यांचे सहकारी ती एकेक करून वाचत आहेत. कुणाला मदत मिळाली, कुणाला नाही, ते तपासत आहेत.

मित्रहो, मला वाटते, निवाडा तिथेच होईल. पुढाऱ्याचे मौन शहाणपणाचे होते की भीतीचे, हे त्याच्या भक्तांना किंवा शत्रूंना विचारून कळत नाही. ज्याने दार ठोठावले, त्याला विचारावे लागते.